पाऊण इंच

माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. यात मिरवण्यासारखं काही नाही, पण चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाकडून ती अपेक्षाही कोणी ठेवू नये. रस्त्यात कोणी थांबवून "ओळखलं का?" असं विचारलं, की मी त्याच्या तोंडाकडे न बघता गळ्याकडे बघतो, कॉलर साडेपंधरा, पोट थोडं पुढे, बाही नेहमी अर्धा इंच लांब मागणारा आणि कपडे न्यायला सांगितल्या दिवशी कधीही न येणारा, एवढं आठवलं की त्याच्या मागोमाग नावही येतं. मला बघायला आलात त्यानंतर लग्नात तुम्ही मला ओळखलं तरी कसं, असं बायको अधूनमधून विचारते. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही, आणि संसार सुखाचा चालला आहे.

म्हणून फोटोतला तो मुलगा आपला नाही, असं मी जेव्हा म्हणालो, तेव्हा मी चेहरा बघून बोलत नव्हतो हे घरच्यांनी समजून घ्यायला हवं होतं. चेहरा त्याचाच होता. चेहऱ्याबद्दल माझी कधीच काही तक्रार नव्हती.

माझ्या भाच्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंचाने खाली आहे. जन्मापासून आहे. पाऊण इंच म्हणजे फार नव्हे, माणसांच्या ते लक्षात येत नाही, पण कापडाच्या येतं. शर्ट चढवला की डावीकडे कॉलरखाली एक तिरकी सुरकुती पडते आणि कितीही इस्त्री केली तरी ती हटत नाही. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, मी हे एकदाच सांगायला गेलो होतो. तेव्हा तो सात वर्षांचा होता. "माझ्या मुलात काही खोट नाही, तुझा टेप जुना झालाय," असं म्हणून तिने मला नवा टेप आणून दिला. तेव्हापासून त्याचा प्रत्येक शर्ट मी शिवतो आणि डाव्या खांद्याच्या आत कापडाची एक चौपदरी घडी बेमालूम बसवतो. वरून पाहणाऱ्याला दोन्ही खांदे सारखे दिसतात. ही घडी फक्त आम्हा दोघांना माहीत. शर्ट घालण्याआधी तो अंगठ्याने ती दाबून बघायचा, आहे ना जागेवर, आणि मग माझ्याकडे बघून भुवई उडवायचा. मी त्याला तिरप्या म्हणायचो. बाकीचं जग त्याला चांगल्या नावाने हाक मारायचं, पण ओ तो तिरप्यालाच लवकर द्यायचा.

शाळा सुटली की तो दुकानात येऊन बसायचा आणि तक्रारी करायचा. मास्तर नीट शिकवत नाहीत, बूट चावतात, पंखा आवाज करतो, मामा तुझ्या चहात साखर कमी असते. मी मशीन चालवत हुंकार भरायचो. माझी नजर उतरायला लागली तशी सुई ओवून देण्याचं काम त्याच्याकडे आलं; तेही तो दोऱ्याला नावं ठेवत ठेवत करायचा. घरात सगळे म्हणायचे, पोरगं हुशार आहे पण किरकिरं आहे. मला त्याची किरकिर आवडायची. माणूस आपल्याजवळ बसून तक्रार करतो याचा अर्थ त्याला उठून दुसरीकडे जायचं नाही, एवढं मला कळत होतं.

तो पुढच्या शिक्षणाला परदेशी निघाला तेव्हा मी त्याला पाच शर्ट शिवून दिले, पाचही घडीवाले. विमानतळावरच भावोजींनी मोबाईलवर 'आपली माणसं' नावाचा ग्रुप काढला आणि त्यात नात्यागोत्यातली तेवीस माणसं भरली. विमान उडायच्या आत तेवीस जणांनी त्याला 'जेवलास का' असं विचारून झालं होतं. भावोजी स्वतः काही लिहीत नाहीत. ते फक्त अंगठा पाठवतात. कोणी पास झालं तरी अंगठा, कोणी वारलं तरी अंगठा, आणि एकदा ताईने ग्रुपवर 'दूध आणा' असं लिहिलं तेव्हाही अंगठा पाठवून ते झोपून गेले होते.

तिकडून ग्रुपवर त्याचं फारसं काही येईना. 'पोचलो', 'हो', 'जेवलो', एवढंच. ताईचा जीव खालीवर व्हायला लागला. पण मला तो रोज दुपारी निरोप पाठवायचा, फक्त मला, आवाजात भरलेले, दहा-दहा मिनिटांचे. मोबाईल मशीनशेजारी ठेवून मी ते ऐकायचो. पुन्हा तक्रारीच, पण आता त्या ऐकून मला नेहमीसारखं हसू येत नव्हतं. खोलीतला हीटर खडखडतो. सोबतचा मुलगा अंड्यांवर पेनाने स्वतःचं नाव लिहून ठेवतो. दुकानातली बाई कसे आहात म्हणून विचारते आणि मी सांगायला लागलो की पुढच्या माणसाकडे बघते. वर्गात सगळे हसले की मीही हसतो, पण मामा, माझं हसू जरा उशिरा येतं, आणि ते सगळ्यांना ऐकू जातं. चार दिवस झाले, कोणाशी बोललो नाहीये. काल बसथांब्यावर एका म्हाताऱ्याला वेळ विचारली, हातात घड्याळ असताना.

आणि प्रत्येक निरोपाच्या मागे तो हीटर खडखडत असायचा.

मी काय करणार होतो? शाळांच्या गणवेशाचे दिवस होते. टेबलावर दोनशे अर्ध्या चड्ड्या पडलेल्या, काजं करणाऱ्या बाईचा हात दुखावलेला, आणि ताई रोज फोन करून रडायची की पोरगं फोटो का टाकत नाही, शेजारणीचा मुलगा तिकडे बर्फात उभा राहून फोटो टाकतो. एका दुपारी एकाच वेळी तीन आया दुकानात उभ्या असताना त्याचा चौदा मिनिटांचा निरोप आला. मी तो ऐकलाच नाही. तशीच बोटं आपटत उत्तर दिलं: 'रडगाणं पुरे. आई इकडे काळजीने अर्धी झाली आहे. चांगले फोटो टाक. खांदे सरळ करून उभा राहा आणि हस.'

थोड्या वेळाने उत्तर आलं. 'बरं.'

चड्ड्या वेळेवर गेल्या. तो चौदा मिनिटांचा निरोप मी ऐकायला गेलो तोवर त्याने तो पुसून टाकला होता.

दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर फोटो आला. एका मोठ्या दगडी इमारतीसमोर तो उभा, हात खिशात, आणि तोंडभर हसतोय. ग्रुपला उधाण आलं. ताईने लाल बदामांची रांग लावली. त्यानंतर रोज एक फोटो येऊ लागला, जाड कोटातला: पुलावर, तळ्याकाठी, वाचनालयात पुस्तकांपुढे, सायकलवर एक पाय टेकवून. कोणी काही विचारलं की मिनिटाच्या आत उत्तर, तेही पूर्ण वाक्यात. मावशीच्या गुडघ्याची चौकशी, भावोजींच्या निवृत्तीबद्दल अभिनंदन. ताई म्हणाली, "रुळला गं बाई एकदाचा." आणि माझ्याकडे वळून, "तू काय सांगितलंस रे त्याला?" मी कॉलर ताठ करून घेतली. माझ्या दोन ओळींनी एवढं काम केलं म्हटल्यावर दोन दिवस मी गिऱ्हाइकांनाही उपदेश करत होतो.

तिसऱ्या आठवड्यात त्याने एक फोटो टाकला, त्यात त्याच्या अंगात साधा गोल गळ्याचा तयार टी-शर्ट होता. मी बघितला, मोबाईल खाली ठेवला, कात्री हातात घेतली, कात्री खाली ठेवली आणि पुन्हा बघितला. दोन्ही खांदे सारखे होते.

टी-शर्टात घडी नसते. टी-शर्टात सगळं खरं दिसतं.

मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, मोबाईलमध्ये उजव्याचं डावं होतं, तसं काही असेल. मी म्हणालो, अगं, उजव्याचं डावं झालं तर उजवा खांदा खाली दिसेल, सपाट कसा होईल? ती म्हणाली, व्यायाम करत असेल. व्यायामाने हाड सरकत नाही, म्हटलं. "मग तुमचा चष्मा बदला," ती म्हणाली आणि कांदा चिरायला निघून गेली. मी चष्मा बदलला. खांदा होता तिथेच राहिला.

चार दिवसांनी त्याने माझा शिवलेला निळा शर्ट घातलेला फोटो टाकला. आता इथे मात्र जरा नीट ऐका, कारण हे घरात कोणीच ऐकून घेतलं नाही. घडी पाऊण इंच भरून काढते. म्हणजे ती खाली उतरलेल्या खांद्यावर असली तर शर्ट सरळ दिसणार. पण खांदाच सरळ असेल, तर? तर घडी त्याला वर उचलणार. फोटोत डावा खांदा उजव्यापेक्षा वर होता. खिसा कुठल्या बाजूला आहे ते मी दोनदा तपासलं. खिसा डावीकडेच होता, म्हणजे फोटो उलटा नव्हता. शर्ट माझा होता, टाका माझा होता, आणि माझा शर्ट त्या अंगाला होत नव्हता.

रविवारी ताईकडे सगळे जमलो असताना मी हे सांगितलं. शब्द असे निघाले की, "ताई, हा मुलगा आपला नाही." सगळे असे काही हसले की भावोजींना ठसका लागला. ठसका थांबल्यावर त्यांनी समोरच बसून मला ग्रुपवर अंगठा पाठवला. "चाळीस वर्षं खांदे बघून बघून याच्या डोक्यावर परिणाम झालाय," ताई म्हणाली, आणि लगेच त्याला फोन लावला, चेहरा दिसणारा.

"नमस्कार मामा," तो पडद्यावरून म्हणाला, "तुम्ही कसे आहात?"

मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, भावोजींच्या ऑफिसातलं कोणी दारात आलंय. जन्मापासून मला तो 'ए मामा, तू' म्हणत आला होता. ताईने माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. मुलाला परदेशात जाऊन वळण लागलं होतं.

"काय रे तिरप्या," मी म्हणालो, "हीटर कसा आहे?"

तो हसतच राहिला, पण ओ त्याने दिली नाही. बसमध्ये कोणी दुसऱ्याच प्रवाशाला हाक मारत असताना आपण जसे सभ्यपणे बसून राहतो तसा तो बसून राहिला, आणि मग हीटर एकदम छान आहे असं म्हणाला.

"एवढे फोटो काढतं कोण तुझे?"

"आहे एक जण. माझ्यासोबत खोलीवर राहतो."

"त्याला दाखव की. फोटोत कसा नाही येत तो कधी?"

"त्याला नाही आवडत, मामा." त्याने पडद्याबाहेर कुठेतरी बघितलं, आपण निजलेल्या माणसाकडे बघतो तसं. "तो जरा किरकिऱ्या आहे."

सगळे हसले. ताई म्हणाली, तुझाच भाऊ शोभतोय मग, आधीच्या तुझा. मीही हसलो, कारण हसण्याची वेळ होती. पण माझं हसू जरा उशिरा आलं, आणि ते मला ऐकू गेलं.

त्यानंतर फोटोत मी त्याच्याकडे बघणं सोडलं आणि कडेकडेने बघायला लागलो. एका फोटोत ऊन होतं. तो हिरवळीवर उभा राहून हसत होता, सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी होता, आणि त्यामुळे खालून, अगदी गवताच्या कडेपासून, फोटो काढणाऱ्याची लांब सावली त्याच्या पायांपर्यंत आली होती. मोबाईलवर टेप लावून बघताना बायकोने मला पकडलं. मी दुकानाच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून तो फोटो भिंतीएवढा नाही तरी पाटाएवढा मोठा करून आणला, टेबलावर टाचण्या मारून पसरला, खडूने मध्यरेषा आखली आणि सावलीचं माप घेतलं. आयुष्यात मी सावलीचं माप प्रथमच घेत होतो. बायको दारात उभी राहून बघत होती आणि एकदाही हसली नाही.

"काय निघालं?" तिने विचारलं.

सावलीने मोबाईल दोन्ही हातांनी समोर धरलेला होता, कोपर सारखे वर होते. तरी डावा खांदा खाली होता. किती खाली ते मी मोजलं नाही. त्याची गरजच नव्हती, तो खांदा मी सोळा वर्षं शिवलेला आहे.

"उद्या ग्रुपवर काही बोलू नका," ती म्हणाली. "ताईंना आत्ता कुठे झोप लागायला लागलीये."

तेही खरं होतं. मी ग्रुपवर बोललो नाही. त्याऐवजी आमच्या दोघांच्या जुन्या खिडकीत गेलो, जिथे त्याचे निरोप यायचे, जिथे सगळ्यात खाली अजून ते 'बरं' पडलेलं होतं, आणि लिहिलं: 'तिरप्या, कसा आहेस? मी तेव्हा रागाने बोललो. तू सांग काय सांगायचं ते. मी ऐकतो.' लिहायला मला अर्धा तास लागला, कारण माफी मागायची सवय नाही. उशीर झाला तरी गिऱ्हाइकाला आम्ही माफी मागत नाही, वीज नव्हती म्हणतो. निरोपापुढे दोन टिका आल्या, निळ्या झाल्या. म्हणजे कोणीतरी वाचला. उत्तर आलं नाही. तेवढ्यात ग्रुपवर फोटो आला, कारंज्यापुढे हसणारा, खाली लिहिलेलं, 'सगळ्यांना सांगतो, मी अगदी मजेत आहे!' भावोजींचा अंगठा मिनिटात आला.

मग मी रोज लिहायला लागलो. आज काय शिवलं, कोणाचा गळा चुकला, पंखा अजून आवाज करतो, चहात साखर वाढवली आहे, आलास की बघ. रोज दोन टिका निळ्या व्हायच्या आणि रोज ग्रुपवर कोणीतरी हसत उभं असायचं. एवढ्या महिन्यांत त्या खिडकीत 'बरं'च्या खाली त्याचा एकही शब्द आला नाही. मला लाज वाटायची, आणि गणवेशाचं कापड आलं की मी ते नजरेआड ठेवायचो. तो चौदा मिनिटांत काय बोलला असेल ते मी किती वेळा मनात रचून बघितलं त्याला हिशोब नाही.

मग तो तीन आठवड्यांच्या सुट्टीवर घरी आला.

विमानतळावर त्याने सगळ्यांना मिठ्या मारल्या, वयाच्या क्रमाने. ताईने वाढलेलं सगळं जेवला आणि "छान झालंय" असं म्हणाला. चोवीस वर्षांत त्याने तिच्या हातच्या जेवणाला एवढे दोन शब्द कधी दिले नव्हते. ती स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडली. मावशीच्या गुडघ्याला त्याने तिकडून पट्टा आणला होता. दोन स्थळं सांगून आली. मला खोटं बोलायचं नाही, मलाही त्याच्याजवळ बसून बरं वाटत होतं. तो बोलणं पूर्ण ऐकायचा, मध्ये तोडायचा नाही, कशालाही नावं ठेवायचा नाही. मुलगा कोणालाही आवडावा असाच होता, आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती.

शेवटच्या आठवड्यात तो दुकानात आला. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, समोरचा भाजीवाला गाडीवर पाणी शिंपडत होता. त्याने पिशवीतून पाच शर्ट काढून टेबलावर ठेवले, स्वतःचा मोबाईल त्यांच्या शेजारी पालथा ठेवला आणि पंख्याकडे एकदा बघून काहीच न बोलता उभा राहिला.

"मामा, हे जरा दुरुस्त करून द्याल? डाव्या खांद्यात तुम्ही काहीतरी घालून ठेवलंय. ते टोचतं. काढून टाका."

"काय घातलंय ते तुला माहीत नाही?"

"नाही," तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. खोटं बोलणारा माणूस श्वास रोखतो, छातीचं माप घेताना ते लगेच कळतं.

मी टेप त्याच्या खांद्यावर टाकला. दोनदा मोजलं. उजवा जेवढा तेवढाच डावा, सुताचाही फरक नाही. चाळीस वर्षांत मी इतकं सारखं माणूस मोजलेलं नाही. सगळ्यांचंच काही ना काही कुठेतरी कमीजास्त असतं, माझं स्वतःचंही आहे.

"तुझा तो सोबती," मी टेप न काढताच विचारलं, "तो नाही गेला घरी सुट्टीत?"

"तो कसा येणार, मामा? कोणीतरी खोलीवर हवं ना."

"एकटाच आहे?"

"त्याला सवय आहे."

काही सुचत नाही तेव्हा माणूस हातातलं काम करतो. मी निळा शर्ट उलटा केला, अर्धं ब्लेड घेतलं आणि घडीचा पहिला टाका तोडला. एवढासा आवाज होतो त्याचा.

माझ्या खिशातला मोबाईल थरथरला. मी बघितलं. जुनी खिडकी उघडली होती. 'बरं', त्याच्याखाली माझे रोजचे निरोप, एकाखाली एक, आणि सगळ्यात खाली आवाजातला एक निरोप, अकरा सेकंदांचा. मी आधी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्यासमोर हात अंगापासून जरा दूर धरून उभा होता, गळ्यात टेप, आणि त्याचा मोबाईल टेबलावर पालथा पडला होता.

मी फोन कानाला लावला. आधी नुसता हीटर खडखडत होता. मग तो आवाज आला, नाकातला, कुरकुरता, मध्येच धाप लागल्यासारखा.

"ए मामा, शर्ट उसवू नकोस ना. मला तेच होतात. इथे थंडी आहे रे."

मग पुन्हा हीटर, आणि अकरा सेकंद संपले.

"कोणाचा निरोप, मामा?" त्याने विचारलं.

"गिऱ्हाइकाचा."

"जुनं आहे?"

"जुनं आहे."

"लांब राहतं?"

मी मान हलवली. माझ्या हातातलं ब्लेड खाली पडलं ते त्यानेच वाकून उचललं, दोन बोटांत अलगद धरून टेबलाच्या कडेला ठेवलं, आणि गळ्यातला टेप काढून त्याची गुंडाळी करून दिली.

"मग राहू द्या उसवायचं," तो म्हणाला. "मी जातोच आहे, माझ्याकडे द्या. घेऊन जातो."

त्याने पाचही शर्ट एकेक करून पिशवीत भरले. बाह्या आत दुमडून, कॉलर दबणार नाही अशा बेताने, दवाखान्यात असलेल्या घरच्या माणसाला न्यायचे कपडे आपण भरतो तसे. "सांगू का त्याला काही?" असं त्याने दारात विचारलं. मला खूप सांगायचं होतं, चौदा मिनिटं पुरली नसती इतकं, पण माझ्या तोंडातून फक्त साखर वाढवली आहे म्हणावं, एवढंच निघालं. तो हसून बरं म्हणाला आणि सरळ खांद्याने उन्हात निघून गेला.

निळ्या शर्टातल्या घडीचा एक टाका मी तोडून ठेवला आहे, हे मला त्याचं विमान गेल्यावर आठवलं.